म्बारेच्या आज्यांना, मनापासून

झिम्बाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांचं नाव आज जगभर घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. पण २००६ साली राजधानी हरारेच्या म्बारे वस्तीत त्यांना दवाखान्यात ना खोली मिळाली, ना नर्स. मिळाल्या त्या वस्तीतल्याच १४ आज्या आणि बाहेरच्या मोकळ्या जागेतला लाकडी बाक. तिथे खचलेली माणसं येऊन बसायची. आज्या आधी सगळं ऐकून घ्यायच्या, मगच विचारायच्या, यातली कुठली अडचण आधी सोडवायची? 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमाची सुरुवात ही अशी! या पद्धतीने नैराश्य खरोखर कमी होतं, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्धही झालं.

आज्यांनो, तुमची नावं फारशी कुठे छापून येत नाहीत. तुमचे शतशः आभार. आणि बाकावर मन मोकळं केल्यावर गटाने जमून, टाकाऊ प्लास्टिकपासून पिशव्या विणता विणता एकमेकींना सावरणाऱ्या तिथल्या बायकांचेही.