हरकत नोंदवली होती का?

प्रिय लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पहिल्या मतदानाचा तुझा फोटो पाहिला, ऊर भरून आला. खाली मात्र ‘कर्तव्य झालं’ असं लिहिलंयस, तिथे मी अडखळले.

मैदानातून रस्ता काढायचं ठरलं तेव्हा फाटकाला नोटीस डकवली होती: ३० दिवसांत लेखी हरकती द्याव्यात. मी रोज त्याच फाटकातून फिरायला जायचे. पावसानं कागदाचा एक कोपरा सुटला, शाई फुटली, तरी थांबून वाचला नाही. यंत्रं आली तेव्हा तावातावानं कचेरीत गेले. समोरच्या माणसानं शांतपणे विचारलं, “हरकत नोंदवली होती का?” तो उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. नोंदवहीत दोनच हरकती होत्या, त्यातली एक वर्षभरात घर सोडून जाणाऱ्या भाडेकरूची. आणि रस्त्याच्या बाजूनं लिहिणारे बरेच! त्यांच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नव्हती. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

देशपातळीवर बायकांना मताचा हक्क सर्वांत आधी न्यूझीलंडनं दिला, १८९३ साली. त्याच वर्षी या हक्कासाठी तिथे लढणाऱ्या केट शेपर्ड आणि तिच्या सोबतिणींनी दारोदार फिरून सुमारे ३२,००० सह्या गोळा केल्या होत्या. पाचशेहून जास्त कागद एकाला एक चिकटवून केलेली गुंडाळी संसदेत उलगडली गेली. सह्या मागत हिंडणाऱ्या त्या बायकांना तेव्हा मत नव्हतं, म्हणजे नागरिकाचं काम त्यांनी मताच्या आधीच सुरू केलं होतं. (मत मिळालं तरी निवडणुकीला उभं राहायला त्यांना १९१९ उजाडलं. पुरुषांनी फार घाई केली नाही.) मला सारखा तो चिकटवण्याचा उद्योग डोळ्यांपुढे येतो. हाताला खळ, आणि एकेक कागद सरळ लावत बसायचं. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही.

कर भरणं, रांग न मोडणं हे तुला सांगायला नको. अवघड आहे ते आपल्याविरुद्ध बोलणाऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकणं. मला अजून नीट जमत नाही, तुझे बाबा साक्षीला आहेत.

मैदानाच्या उरलेल्या तुकड्यासाठी फाटकावर नवा कागद लागलाय. आज चष्मा घेऊन गेले, उभ्यानंच पुरता वाचला. दुसऱ्या परिच्छेदातलं क्षेत्रफळ नकाशाशी जुळत नाहीये. मुदत २२ तारखेपर्यंत आहे, तू शनिवारी येतेसच. येताना मोजपट्टी आण.

तुझी,
आई