पाकिटातला रबराचा तुकडा

लॅन्सिंग, मिशिगन
१६ नोव्हेंबर

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट उघडलंत की आतून बोटभर काळा रबरी पाईप पडेल. आई तो कचऱ्यात टाकायच्या आत उचलून ठेवा. त्याच्यापायी माझे पाच शनिवार-रविवार गेलेत. फोनवर सांगायला लागलो की तुम्ही "पंप बघ" म्हणता, तेवढ्यात गॅरेजवर कुणीतरी ट्रक घेऊन येतो आणि फोन बंद. म्हणून हे कागदावर.

ती दोन सीटची माझदा मियाटा तुम्ही व्हिडिओवर बघितलीच आहे. १९९९ची, १.८ लिटर पेट्रोल इंजिन, कंपनीतून येताना टर्बो नव्हता. मी बाहेरचं किट बसवलं: टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), ती हवा गार करणारा इंटरकूलर, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आणि लॅपटॉपवरून सेट करायचा ईसीयू, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा कॉम्प्युटर. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा जादा दाब, ८ पीएसआय. ट्रकच्या चाकात शंभरावर हवा भरणाऱ्याला ८ म्हणजे फुंकरच, पण या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच ९.५ आहे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण साडेनऊ पट दाबलं जातं. त्याला तेवढी फुंकर पुष्कळ होते.

आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गाडी झकास. हळू चालवली तरी तक्रार नाही. चार हजार आरपीएमच्या पुढे पाय दाबला की मात्र कढईत फुटाणे तडतडावेत तसा आवाज. नॉकिंग! मी घाबरून पाय काढला आणि त्या दिवशी चाळीस मैल सगळ्यात हळू लेनमधून म्हाताऱ्यासारखा घरी आलो.

तुम्ही म्हणालात, पेट्रोल कमी कर, इंजिन गार राहील. डिझेलला ते अगदी खरं. तिथे हवा जास्त आणि डिझेल कमी असलं की काळा धूरही जातो आणि एक्झॉस्टही तापत नाही. पेट्रोलला बूस्टखाली उलटं होतं. पेट्रोल कमी पडलं की सिलिंडरच्या कडेला उरलेलं मिश्रण ज्वाळ पोचायच्या आधीच आपलं आपण पेट घेतं आणि पिस्टनच्या कडा खातं. म्हणून मुद्दाम थोडं जास्तीचं पेट्रोल ओतायचं, तेच आतून गारवा देतं. एका भाग पेट्रोलला ११.७ भाग हवा असं मला हवं होतं. एक्झॉस्टमधला सेन्सर दाखवत होता १३.४, म्हणजे पेट्रोल कमीच पडत होतं.

शेजारचे आजोबा ओल्ड्समोबिलमधून रिटायर झालेले. ती कंपनी याच गावात १८९७ साली निघाली. ते हसले आणि म्हणाले, हे दुखणं आमच्या कंपनीला १९६२ सालीच झालं होतं. त्यांच्या जेटफायर गाडीत टर्बो होता आणि कॉम्प्रेशन १०.२५. नॉकिंग होऊ नये म्हणून मिथेनॉल मिसळलेलं पाणी आत फवारायचे. त्याची टाकी गिऱ्हाईकाने भरायची. गिऱ्हाईक भरायचंच नाही! शेवटी कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. (तुमच्याकडे रेडिएटरचं पाणी न बघणारे ड्रायव्हर येतात, त्यांचीच ही भावंडं.)

मी आपला लॅपटॉपवर पेट्रोल वाढवत बसलो. पंप बदलला, फिल्टर बदलला, प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारे) घातले, गॅप पाऊण मिलिमीटरवर आणला. आकडा जरा खाली यायचा, पुढच्या आठवड्यात पुन्हा वर. थंडी वाढेल तशी हवा दाट होत होती आणि दुखणंही वाढत होतं.

शेवटी तुमची पंक्चरवाल्याची युक्ती केली. प्लंबिंगच्या टोपीला ट्यूबलेसचा व्हॉल्व बसवला, ती टोपी टर्बोच्या तोंडावर आवळली आणि आजोबांच्या कॉम्प्रेसरने बंद गाडीत ८ पीएसआय हवा भरली. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. इंटरकूलरच्या क्लॅम्पला चार बुडबुडे आले, तो आवळला. ते काही खरं कारण वाटेना. मग सहज लॅपटॉपकडे बघितलं. तो दाब किलोपास्कलमध्ये दाखवतो; ८ पीएसआय आणि बाहेरची हवा मिळून १५५ च्या आसपास दिसायला हवे होते. दिसत होते १३४.

इंजिनात आठची हवा, आणि ईसीयूला वाटतंय पाचच आहे! मग तो पेट्रोलही पाचच्या हिशेबाने देणार, आणि टायमिंगही (ठिणगी कधी पाडायची ते) तेवढंच पुढे ठेवणार.

दाब मोजणाऱ्या सेन्सरला मॅनिफोल्डवरून (हवा इंजिनात शिरते तिथून) जो पाईप जातो, तो म्हणजे हा तुकडा. किटबरोबरच आला होता. एक्झॉस्टच्या शेजारून नेला होता (नेणारा मीच). सरळ धरलात तर काही दिसणार नाही. दोन्ही टोकं धरून वाकवा, झुरळाने कुरतडल्यासारखी चीर तोंड उघडेल. आयडलला आत व्हॅक्यूम असतो, तेव्हा चीर स्वतःच मिटते. बूस्ट आला की उघडते. पाईपाच्या सुरुवातीला धक्के कमी करायला सुईएवढ्या भोकाची पितळी चकती आहे, त्यामुळे चिरेतून गेलेली हवा मागून भरून निघत नाही.

सिलिकॉनचा नवा पाईप एक्झॉस्टपासून लांबून नेला. मग गाडी घुसमटायला लागली, कारण पाच आठवडे चुकीच्या आकड्यांवर मी पेट्रोल वाढवून ठेवलं होतं. सगळं पुसून पहिली फाईल परत टाकली, टायमिंग सुरक्षेसाठी दोन डिग्री मागे घेतलं. काल पहाटे रिकाम्या रस्त्यावर तीनदा पळवली. ११.६, ११.८, ११.७. फुटाणे नाहीत.

घरी आल्यावर टर्बो गार व्हावा म्हणून दोन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद करतो, तुमच्यासारखीच. तुमची सून खिडकीतून विचारते, "झालं का तुमचं?"

रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक फिरायला लागलेत, त्यामुळे आता एप्रिलपर्यंत गाडी झाकून. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते ताईला कळवायला सांगा. तुकडा बाळासाहेब मिस्त्रींनाही दाखवा, पण वाकवून दाखवू नका. आधी त्यांना शोधू दे.

तुमचा,
पप्पू