अपो बेटावरून परतल्यावर मित्रास पत्र

नाशिक,
चैत्र शुद्ध द्वादशी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मला निघण्याच्या आदल्या दिवशी मिळाले आणि ते मी बॅगेत ठेवून फिलिपिन्सपर्यंत नेले. उत्तर तिथूनच लिहायचे मनात होते, पण अपो बेटावर दिवस पाण्यात जाई आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच डोळा लागे. परत आलो तेव्हा इथे रामनवमीची गडबड सुरू झाली होती. काल रामरथ आणि गरुडरथ निघाले, पंचवटीतली गर्दी रात्री उशिरा ओसरली, आणि आज सकाळी निवांतपणे तुला लिहायला बसलो आहे.

कोकणातल्या तुमच्या वाडीतल्या बारा घरांनी मिळून स्कूबा (पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणे) आणि मुक्कामाची सोय सुरू करावी का, खोल्या किती बांधाव्यात, टाक्या नव्या घ्याव्यात की वापरलेल्या, कर्ज कोणाच्या नावावर काढावे, असे तू विचारले आहेस. खोल्यांचा आणि कर्जाचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल. मी जे पाहून आलो त्यावरून तुला आग्रहाने सांगावेसे वाटते ते इतकेच, की खोलीची पहिली वीट ठेवण्यापूर्वी समुद्राचा एक तुकडा तुम्ही स्वतः निवडा, तो मासेमारीला बंद करा आणि त्याची राखणही तुम्हीच ठेवा.

अपो हे नेग्रोस बेटाच्या दक्षिण टोकाजवळचे, सुमारे पाऊण चौरस किलोमीटरचे ज्वालामुखीजन्य बेट आहे. दुमागेते शहरातून दक्षिणेला मालातापाय नावाच्या किनाऱ्यावर जायचे, जिथे दर बुधवारी गुराढोरांचा मोठा बाजार भरतो, आणि तिथून बोटीने पाऊण तासाच्या आत बेटावर उतरायचे. त्या बोटीला ते बांका म्हणतात. तुमच्या होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा तरंगता ओंडका, असते, बांकेला ती दोन्ही बाजूंना असते, बांबूची. लाट आडवी आली तरी बोट कलंडत नाही हे मी एकदा जीव मुठीत धरून अनुभवले. बेटावरची वस्ती हजाराच्या आसपास आहे. पिण्याचे पाणी बोटीने आणावे लागते, म्हणून अंघोळीला एक बादली मिळे आणि तीत भागवावे लागे. जेवायला भात आणि भाजलेला मासा. ज्या घरी मी राहिलो त्या घरचा कर्ता पहाटे गळ घेऊन जाई आणि नऊ वाजता पाहुण्यांना कासवे दाखवायला कमरेएवढ्या पाण्यात उभा राही. कासवांजवळ जायचे तर बेटावरचाच वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. हात लावायचा नाही आणि अंतर राखायचे, हे तो तुम्हाला पाण्यात उतरण्याआधी दोनदा बजावतो.

हे बेट नेहमीच असे नव्हते. १९७० च्या दशकात त्या भागात सुरुंग फोडून, सायनाइड फवारून आणि मुरो-आमी म्हणजे दोराला बांधलेले दगड प्रवाळावर आपटत मासे जाळ्यात हाकलण्याच्या पद्धतीने मासेमारी चाले. मासे कमी झाले तसे अपोचे लोक पोटासाठी दूरदूर होड्या नेऊ लागले. सिलिमन विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ एंजल अल्काला यांनी १९७४ मध्ये जवळच्याच सुमिलोन बेटाचा काही किनारा मासेमारीला बंद करून घेतला होता. १९७९ मध्ये ते अपोला आले, पण त्यांनी भाषण देऊन काम संपवले नाही. अपोच्या कोळ्यांना ते सुमिलोनला घेऊन गेले आणि बंद पाण्यातले मासे त्यांना प्रत्यक्ष दाखवले. तरीही लोक पटकन तयार झाले नाहीत. तीन वर्षे बोलणी चालली, आणि १९८२ मध्ये बेटावरची फक्त चौदा कुटुंबे राजी झाली. त्यांनी आग्नेय बाजूचा सुमारे ४५० मीटर लांबीचा किनारा आणि तिथून समुद्रात ५०० मीटरपर्यंतचे पाणी सोडून द्यायचे ठरवले. ते पाणी किनाऱ्यावर बसलेल्या एकाच माणसाच्या नजरेच्या टप्प्यात येई, म्हणून चौदा घरांनी पाळी लावली आणि रोज कोणीतरी तिथे बसू लागले. चौदा, मित्रा. तुझी बारा आहेत.

तीन वर्षांत राखलेल्या पाण्यातले मासे वाढलेले सगळ्यांना दिसले, तेव्हा उरलेली घरेही आली. १९८५ पर्यंत सगळ्या बेटाने मिळून नियम केले होते. बेटाभोवती बेटावरच्यांनीच मासे धरायचे. हातगळ, बांबूचे सापळे आणि मोठ्या आसाची (भोकांची) जाळी चालतील, पण सुरुंग, विष, मुरो-आमी आणि बारीक आसाची जाळी चालणार नाहीत. पहाऱ्याला बंताय दागात, म्हणजे सागररक्षक, नेमले. पाहुणे त्यानंतर आले. आधी मासे परतले, मग मासे पाहणारे आले, मग त्यांना झोपायला खाट लागली. हा क्रम तू वाडीतल्या बैठकीत सांगावास असे मला वाटते.

पाणी बंद केले तर पोट कसे चालेल, हे रापणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरची, जाणती माणसे तुला विचारतीलच, आणि ते विचारणे रास्त आहे. पुस्तकी उत्तर असे की लांबीने दुप्पट झालेली मादी दुप्पट नव्हे तर कितीतरी पट अंडी घालते. अशा मोठ्या माद्या राखलेल्या पाण्यातच टिकतात, त्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर पसरतात आणि वाढलेले मासे हद्दीबाहेर येऊन गळाला लागतात. पण त्यांना सुमिलोनची गोष्ट सांग, ती अधिक पटेल. १९८४ मध्ये तिथली राखण स्थानिक राजकारणात मोडली आणि बंद पाणी सर्वांना खुले झाले. मासे धरायला जागा वाढली म्हणजे मासळी वाढायला हवी होती. अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी मोजमाप केले, तेव्हा दीड-दोन वर्षांत सबंध बेटाचे उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आलेले दिसले. सोडलेला तुकडाच बाकीच्या पाण्याला मासळी पुरवत होता, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसले असेल असे मला वाटत नाही.

आता पाण्याखाली काय पाहिले ते सांगतो, कारण त्याशिवाय माझा हा आग्रह तुला कोरडा वाटेल. पहिल्याच दिवशी वस्तीसमोर, पुरुषभर पाण्यातसुद्धा नव्हे, एक हिरवे कासव खडकावरचे शेवाळ खात होते. मी चार हात अंतरावर निश्चल तरंगत राहिलो. ते मान पुढे काढी, जबड्याने शेवाळ ओरबाडी, आणि तो करकर आवाज मला पाण्यात स्पष्ट ऐकू येई. पाठीवर बोटभर लांबीचा एक मासा चिकटून बसला होता. थोड्या वेळाने कासवाने खाणे थांबवले, पुढचे वल्हे एकदाच हलवून वर आले, डोके बाहेर काढून एक दीर्घ श्वास घेतला आणि पुन्हा त्याच खडकाशी, त्याच जागी येऊन खाऊ लागले. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. ज्या प्राण्याला माणसाचे भय उरलेले नाही असा वन्य प्राणी मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मामसा नावाच्या जागी मात्र प्रवाह असा ओढतो की हात-पाय मारणे व्यर्थ ठरते. तिथल्या भाषेत मामसा म्हणजे ट्रेव्हॅली जातीचा मोठा मासा. पंधरा-सोळा मीटरवर आम्ही खडकाच्या आडोशाला थांबलो होतो, आणि त्यांचा थवा वरून असा गेला की उजेड काही क्षण मंदावला. परतताना प्रवाळाच्या एका कपारीत काळ्या-निळसर पट्ट्यांचा समुद्रसाप डोके खुपसून भक्ष्य शोधत होता. त्याची चपटी शेपटी तेवढी बाहेर वळवळत होती. विषारी असूनही तो आमच्या वाटेला गेला नाही, आणि वाटाड्याने आम्हाला त्याच्या वाटेला जाऊ दिले नाही.

हे लिहिताना मला आपल्याच किनाऱ्यावर घेतलेली माझी पहिली बुडी आठवते. तिथे गाईडने फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे सोडले होते आणि मला प्रवाळावरच उभे केले होते. पायाखाली काहीतरी कडकन मोडले. मला तेव्हा काही कळत नव्हते, पण त्याला कळायला हवे होते. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून हे होऊ देऊ नकोस. पाव नाही, हातमोजे नाहीत, आणि ज्याला तरंगता येत नाही त्याला आधी वाळूवर शिकवायचे.

अपोवर सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नकोस. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ अशा लागोपाठ दोन वर्षी आलेल्या वादळांनी पूर्वेकडची बाजू झोडपली, आणि जो तुकडा त्यांनी तीस वर्षे राखला होता नेमका त्यातलाच प्रवाळ मोडून खडीसारखा पडला. पाहुणे तर त्यासाठीच येत असत. त्यांनी तो तुकडा बुडी घेणाऱ्यांनाही बंद केला आणि पाहुण्यांना पश्चिमेकडच्या, वाचलेल्या खडकांवर नेले. राखण काही उठवली नाही. त्या मोडलेल्या पाण्यावरही पहारा ठेवायचा हे ज्यांनी ठरवले असेल, त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

दुसरी अडचण वादळापेक्षा तुझ्या अधिक कामाची आहे. १९९४ मध्ये सरकारने सगळे बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले आणि कारभार गावाच्या समितीकडून सरकारी अधिकारी असलेल्या मंडळाकडे गेला. कायद्याचे बळ मिळाले हे खरे, आणि पाहुण्यांच्या शुल्कातले ७५ टक्के त्या क्षेत्रासाठीच असावेत असा नियमही आहे. पण पूर्वी पैसा वर जाऊन खाली यायला वेळ लागे, आणि ज्यांनी राखण सुरू केली त्यांचाच आवाज मंडळात बारीक झाला, अशी कोळ्यांची तक्रार तिथे झालेल्या अभ्यासातही नोंदलेली आहे. म्हणून म्हणतो, सरकारची मदत जरूर घ्या, पण कोणते पाणी बंद, कोणाची पाळी, पैसा कोणाच्या सहीने निघेल, हे सुरुवातीलाच तुमच्या हातात राहील असे कागदावर आणा.

मालवणच्या सागरी अभयारण्याचे दुखणे तर तू लहानपणापासून ऐकतो आहेस. १९८७ मध्ये ते वरून जाहीर झाले, आणि कोळीवाड्यांच्या मनात आपली मासेमारी जाणार ही धास्ती बसली ती बसलीच. पाणी तेच आणि हेतूही चांगला, पण निर्णय दुसऱ्याचा. अपोच्या चौदा घरांना कोणी बंदी घातली नव्हती, त्यांनी ती स्वतःवर घालून घेतली होती.

माझ्या वडिलांची जमीन ओझरला वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटाला होती, हे तुला ठाऊक आहे. पाट कागदावर होता, पाणी वरच्या भागातच मुरे. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र बसवले, पाणीवापर संस्था काढल्या, आणि पाणी मोजून घेऊन आपसांत पाळीने वाटायला सुरुवात झाली. पुढे सबंध वाघाड प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आला. वडील रात्री कंदील घेऊन चारीवर पाळीला जात आणि मी हट्टाने त्यांच्याबरोबर जाई. अपोच्या किनाऱ्यावर झापांच्या सावलीत बसलेला तो पहारेकरी पाहिला तेव्हा मला चारीवर बसलेले वडील आठवले. दारे फोडणारा बहुधा आपल्याच नात्यातला निघतो, आणि त्याला अडवायचे बळ पाळीवरच्या शेजाऱ्याकडेच असते.

हे तुमच्याकडे परके नाही. रापण ओढायला अख्खी वाडी लागते आणि वाटे ठरलेल्या रिवाजाने पडतात; त्याच वाट्यांच्या हिशेबाने पाहुण्यांचे उत्पन्न वाटता येईल, फक्त एक वाटा राखणीचा म्हणून आधी बाजूला काढा. आणि पाणी सोडून देण्याची कल्पना ज्यांना जड जाईल त्यांना आचऱ्याची गावपळण आठवून दे. देवाचा कौल घेऊन सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री घरेदारे सोडून वेशीबाहेर राहतो, हे ज्या मुलखात चालते तिथे एक खडक सोडणे अशक्य नसावे.

टाक्यांविषयी एवढेच सांगतो की वापरलेल्या घेतल्यास तर हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याचा) शिक्का पाहिल्याशिवाय घेऊ नकोस, आणि कॉम्प्रेसरचे हवा ओढण्याचे तोंड इंजिनाच्या धुरापासून दूर, वारा येतो त्या बाजूला ठेव. यात काटकसर नको.

१ जूनला मासेमारी बंद होईल त्याआधी, मे महिन्याच्या मध्यावर मी तुझ्याकडे येतो. मोठी बैठक ठेवू नकोस. रापणीवरची तीन-चार वयस्क माणसे आणि तू, आपण होडीने जाऊन कोणता खडक सोडता येईल ते त्यांनाच दाखवायला सांगू. किनाऱ्यावरून एका माणसाला दिसेल असाच तो असावा. मी अपोचे फोटो आणि तिथल्या नियमांचे मराठी करून आणतो. काकूंसाठी नाशिकचा चिवडा आणि मनुका आणीन. त्यांचे गुडघे कसे आहेत ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
ओझरचा मित्र