खळ्यात टेकएड आणणाऱ्या ताईला

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचं काही बोलायला गेलं की तू लगेच "मोहर कसा आहे गं यंदा?" विचारतेस आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आज लिहूनच सांगते, चारचौघांना कळेल असं.

२ आणि ३ नोव्हेंबर २०२३ ला बेंगळुरूत टेकएड झालं, म्हणजे कंपन्यांच्या नोंदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सॅपचं तंत्रज्ञान संमेलन. मी रत्नागिरीजवळच्या आपल्या घरून ते ऑनलाइन बघणार होते. कारखान्यातून अर्धी रजा टाकली, वही-पेन घेऊन बसले. सॅपचे तेव्हाचे तंत्रज्ञान प्रमुख युर्गन म्युलर यांचं मुख्य भाषण जेमतेम सुरू झालं आणि लाइट गेली, मागोमाग रेंजही. रात्री तुला फोन केला तेव्हा मला रडूच आलं. तू दिवसभर तिथल्या गर्दीत फिरून दमली होतीस, तरी म्हणालीस, "दिवाळीला येतेय ना, सगळं लिहून आणते."

आणि आणलंस. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, १२ नोव्हेंबरला आलं होतं. पहाटे कारीट फोडून झालं, गूळपोहे आणि ताकातले पोहे खाऊन झाले, तशी तू खळ्यात चटई टाकलीस आणि वही उघडलीस. आवक विभागातल्या आम्ही चौघीजणी होतो. काकूंनी भाताच्या पेंढ्या बाजूला सरकवून जागा करून दिली.

मला भीती कशाची होती ते तुला माहीत होतं. गेली अकरा वर्षं कॅनिंगच्या आंब्याची आवक मी सॅपच्या जुन्या आवृत्तीत नोंदवते. तिचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपणार, जादा पैसे भरले तर २०३० पर्यंत, एवढंच आमच्या कानावर आलेलं. पुढे आमचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. तू आधी तेच घेतलंस. माल नोंदवायच्या एमबी१सी या जुन्या व्यवहारावर बोटं बसलेली आहेत, पण सॅपच्या नव्या एस फोर हाना आवृत्तीमध्ये तो नाही, ते काम मिगो या व्यवहारातून करायचं. मालाच्या नोंदींची एमकेपीएफ आणि एमएसईजी ही दोन टेबलं जाऊन त्यांच्या जागी मॅटडॉक हे एकच. पुरवठादार आणि ग्राहक दोघंही आता बिझनेस पार्टनर. मग वही मिटून म्हणालीस, "स्क्रीन बदलेल. क्रेट बघून माल कुठल्या बागेतला ते तू ओळखतेस, ते कशाला बदलतंय?" ताई, त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

बिल्ड कोड या सॅपच्या प्रोग्रॅम बनवायच्या साधनाबद्दल तू थोडक्यात सांगितलंस: साध्या भाषेत काय हवं ते लिहायचं आणि ज्यूल हा त्यांचा एआय मदतनीस जावा किंवा जावास्क्रिप्टचा कोड तयार करून देतो. ते ऐकून शेजारची पोरगी हरखली. माझा जीव मात्र अडकला तो हाना क्लाउड या सॅपच्या डेटाबेसच्या व्हेक्टर इंजिनात, म्हणजे अर्थावरून शोधणाऱ्या भागात.

तू माझीच आवक वही मागितलीस. साक्याचा आंबा बाहेरून अगदी निर्मळ दिसतो, कापल्यावर आत पांढरट आणि भुसभुशीत निघतो. त्या एका दोषाला आमच्या शेऱ्यांत किती नावं निघाली! मी "साका" लिहिलेलं, दुसऱ्या पाळीच्या बाईने "आत पांढरा", नव्या मुलाने "स्पंजी", कुणी नुसतं "पोकळ". तू म्हणालीस, शब्दाने शोधलंस तर फक्त तुझ्याच नोंदी सापडतील. व्हेक्टर म्हणजे प्रत्येक शेऱ्याची आकड्यांची एक लांब ओळ. ज्यांचा अर्थ जवळचा, त्यांचे आकडेही जवळचे. मग "साका" शोधला तर "आत पांढरा"ही हाताला लागतो. खळ्यातल्या मातीवर तू काडीने टिंबं काढलीस, साक्याची सगळी एका कोपऱ्यात, "डागी" आणि "काळे ठिपके" दुसऱ्या कोपऱ्यात. मग विचारलंस, "आणि 'चिक्याचा डाग' कुठे टाकू?" आम्ही चौघी एकदम बोललो. आमच्या कामाबद्दल कुणी आम्हाला विचारावं आणि उत्तर लिहून घ्यावं, असं माझ्या नोकरीत त्याआधी झालं नव्हतं.

याआधी मी एका क्लासला पैसे भरून बसले होते. तिथे सगळं इंग्रजी स्लाइडवरून वाचून दाखवत आणि प्रश्न विचारला की "ते पुढच्या कोर्समध्ये" म्हणत. तू मराठीत सांगितलंस, माझ्याच वहीवर सांगितलंस, आणि एकही पायरी गाळली नाहीस.

आमच्याकडे अजून ते इंजिन नाही. पण २०२४ च्या हंगामाआधी मी साहेबांकडे तुझ्या टिंबांचा कागद नेला. दोषांच्या कॅटलॉगमध्ये साक्याला एकच कोड झाला, आणि कोड निवडला तरी ज्याचा त्याने लिहिलेला शेरा खाली तसाच ठेवायचा ठरलं. तो आग्रह माझा होता. नवी सिस्टीम येईल तेव्हा तिला शोधायला हे शब्द लागणार आहेत, हे तुझ्यामुळे मला कळलं.

मे महिन्यात पहिल्या पिकलेल्या आढीतले दोन डझन तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत. आणि तुझी वही अजून माझ्याकडेच आहे. काकूंनी तिला प्लास्टिकचं कव्हर घातलंय. येशील तेव्हा पुढची पानं भरायची आहेत.

तुझी,
आवक विभागातली धाकटी बहीण