गाडीआधी वाट

राजापूर, ५ ऑक्टोबर २०२५

चि. मुग्धास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला व्हिडिओ आम्ही दोघांनी चार वेळा पाहिला. दोन माणसं शेजारी बसतील अशी ती बग्गी, मागे छोटा हौदा, चिखलातून बदकासारखी चाललेली. "बाबा, तुमच्यासाठी अशीच घेऊ या, पैसे मी देते," हे तुझं बोलणं आईने एव्हाना अख्ख्या वाडीत पोचवलंय. मी फोनवर नुसतं "बघू" म्हणालो, ते तुला लागलं असणार. पण तुझा बाप एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. गाडीच्या बाबतीत मी बघू म्हटलं की खरंच बघतो. महिनाभर बघितलं. फोनवर सांगायला घेतलं की मध्येच रेंज जाते, म्हणून सगळं लिहून काढतोय. आई फोटो काढून पाठवेल.

आधी वही केली. सप्टेंबरचे चार आठवडे घरातून बागेत आणि बागेतून घरी काय गेलं-आलं, किती वजनाचं, कोणी उचललं, ते रोज रात्री टिपून ठेवलं. आई हसत होती. पण त्यातून एक गोष्ट कळली. बहुतेक फेऱ्या वीस-पंचवीस किलोच्या. शेणाचं घमेलं, गवताचा भारा, नारळ, फवारणीचा पंप. त्याही खळ्यातून गोठ्यात, गोठ्यातून मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात. सगळं सपाटीवर. त्याला इंजिन कशाला? हवेच्या टायरची एक हातगाडी पुरते. ती मी घेतलीसुद्धा, तुझ्या पैशांची वाट न बघता.

खरं जड ओझं वर्षातले साठ-सत्तर दिवस. खताची पोती वर न्यायची, नव्या चाळीस कलमांना उन्हाळ्यात पाणी वर न्यायचं, आणि एप्रिल-मेमध्ये आंबा खाली आणायचा. वीस किलोचा एक क्रेट धर. तीस क्रेट म्हणजे सहाशे किलो झाले. आजवर हे सगळं गड्यांच्या डोक्यावरून झालं. आता डोकी मिळत नाहीत, आणि मिळाली तरी त्या चढावर कोणाच्या डोक्यावर वीस किलो ठेवायला मला बरं वाटत नाही.

कारण सगळं ओझं येऊन अडतं ते फणसाखालच्या चढावर. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जायला दुसरी वाट नाही. म्हणून गाड्यांचे कागद बघण्याआधी मी टेप घेऊन वाट मोजली. दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमध्ये सगळ्यांत अरुंद जागा सहा फूट चार इंच. मग गवंड्याची पाण्याची नळी लावून चढ काढला. सहा फुटांना एक फूट, आणि तो सलग साठ मीटर. हजार किलोचं ओझं अशा उतारावर साधारण १६५ किलोच्या जोराने खाली ढकलत असतं. तेही जूनमध्ये, शेवाळलेल्या जांभ्यावर. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठा करून लिहिलाय. पुढे जी गाडी बघितली ती या आकड्यासमोर उभी करून बघितली.

आता तुझी बग्गी. गाडी उत्तम आहे, वादच नाही. चारही चाकांना ताकद, मऊ स्प्रिंग, डोक्यावर पाइपांची चौकट. पण आपल्याकडे असल्या बहुतेक गाड्यांची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होत नाही. आपली भातगिरणी, पेट्रोल पंप, सोसायटीचं खताचं गोदाम, सगळं डांबरी रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे पाच फूट रस्ता ओलांडायलाही मी चोर. त्यात एखादा बेल्ट तुटला तर तो मिळायचा कुठे? एसटीत असताना एका साध्या सीलसाठी तीन-तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्या मी पाहिल्यात. जो पार्ट तालुक्यात मिळत नाही तो पार्ट असलेली गाडी मी घेत नाही.

त्यापेक्षा स्वस्त म्हणून निनादरावांनी सुचवलेली, घोड्यासारखं मांड टाकून बसायची चारचाकी तर नकोच. जावईबापूंना सांग, तुमच्याच ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून नव्या क्वाड बाइकला उलटल्यावर माणूस चिरडू नये म्हणून चौकट सक्तीची केली, आणि त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी तिथे ती गाडी विकायचंच थांबवलं. शेतावर माणसं मरत होती म्हणून ना हे? आणि तुमची शेतं आमच्या सड्यापुढे ताटासारखी सपाट.

मिनी ट्रॅक्टरवर मात्र माझा जीव जडला होता, हे कबूल करतो. चोवीस-सत्तावीस हॉर्सपॉवर, चारही चाकं ओढणारी, रुंदी जेमतेम साडेतीन फूट. सहा फुटांच्या वाटेत नाचत जाईल. शिवाय २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय, आणि सातबारा आईच्या नावावर असल्यामुळे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला तर महिला शेतकरी म्हणून ठरावीक मर्यादेत पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदानही आहे. शोरूममधल्या पोराने हे सगळं इतकं गोड सांगितलं की मी बुकिंगची पावती फाडायच्या बेतात होतो. आईने विचारलं, "ट्रॉलीला ब्रेक कुठाय?"

नव्हता. त्या लहान ट्रॉल्यांना बहुधा नसतोच. सहाशे किलोचा ट्रॅक्टर आणि मागे हजार किलोची बिनब्रेकाची ट्रॉली, असं घेऊन फणसाचा उतार उतरायचा म्हणजे कोण कोणाला नेतंय तेच कळणार नाही. मागून रेटा आला की ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. नांगरटीला ट्रॅक्टर राजा आहे. पण आपल्याला नांगरायला आहे किती? भाताचे सात तुकडे. अनुदान मिळतं म्हणून ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे सवलत आहे म्हणून दोन नंबर लहान चप्पल घ्यायची.

उरला पॉवर टिलर, दोन मुठी धरून चालवायचं दोन चाकांचं नांगरणीचं यंत्र. कोकणात घरटी नसला तरी वाडीत एखादा असतोच, आणि मागे ट्रॉली जोडून लोक त्याच्यावरून जांभा दगडाच्या चिऱ्यांपासून वऱ्हाडापर्यंत सगळं नेतात. इथे तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. जूनमध्ये मी पायरीवरून घसरलो असं तुला सांगितलं होतं ना? पायरी नव्हती. शेजाऱ्यांचा टिलर होता.

वादळात पडलेल्या आंब्याची लाकडं वरून खाली आणत होतो. टिलरला स्टेअरिंग नसतं. दोन मुठींखाली दोन क्लच. डावीकडे वळायचं तर डावा दाबायचा, त्या चाकाची ताकद तुटते, ते मागे राहतं, गाडी डावीकडे वळते. हे सपाटीवर. उतारावर ओझं मागून ढकलत असतं आणि इंजिन दोन्ही चाकांना धरून ठेवत असतं. तिथे डावा क्लच दाबला की डावं चाक सुटतं, मोकळं होऊन पुढे पळतं आणि गाडी वळते उजवीकडे. उतारावर उलटा क्लच दाबायचा, हे मला पाठ होतं. वर्कशॉपमध्ये मी दुसऱ्यांना शिकवलंय. पण पाऊस, लाकडांचा आवाज, समोर फणस, आणि हाताने सवयीचं तेच केलं. तीन फूट गडगा पडला, गुडघा सुजला. आई वरून बघत होती. काही बोलली नाही. संध्याकाळी हळद लावताना एवढंच म्हणाली, "यापुढे गाडी मी चालवणार. घ्यायची ती मला चालवता येईल अशी घ्या."

त्या दिवसापासून निवड सोपी झाली. माझा डावा डोळा आता संध्याकाळी दगा देतो, तुला ठाऊक आहे. गाडी आईची असणार. तिची उंची पाच फूट एक इंच. तिला क्लच हलका हवा, पाय पोचायला हवा, डोक्यावर छप्पर हवं आणि दार लागायला हवं. गेल्या महिन्यात तिन्हीसांजेला फाटकाजवळ बिबट्या बसलेला दिसला. उघड्या सीटवर बसून त्याला "जा रे बाबा" म्हणायची तिची तयारी नाही.

म्हणून शेवटी साधी मालवाहू गाडी. टाटाचा छोटा हत्ती बघितला आणि मारुतीची सुपर कॅरीही. बोलेरो पिकअप वाटेत मावेल, पण दोन्ही बाजूंना फारच थोडी जागा उरेल, म्हणून सोडली. सुपर कॅरी पाच फूट दीड इंच रुंद, म्हणजे गडग्यापासून दोन्हीकडे सात इंच. आरसे मिटवावे लागतील. पेट्रोलची ७४० किलो घेते, माझ्या तीस क्रेटांना पुरून उरते. मांगराजवळ वळायला जागा आहे, ४.३ मीटरच्या त्रिज्येत वळते. सीएनजी स्वस्त पडतो खरा, पण टाक्यांमुळे शंभरेक किलो कमी नेता येतं आणि आपल्यापासून सीएनजीचा पंप लांब. गवत कापायच्या मशीनला पेट्रोल आणतोच, त्याच कॅनमधून भागेल. विजेवरची घ्या असं तू म्हणशील. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर आपल्याकडे किती दिवस दिवे नव्हते ते आठव. आंब्याला चार्जिंगची वाट बघता येत नाही.

आणि आंब्याचं आणखी एक. टिलरच्या काय, ट्रॅक्टरच्या काय, ट्रॉलीला स्प्रिंग नसतात. खडखडत आलेला हापूस वरून देखणा दिसतो, चौथ्या दिवशी आढीत काळा डाग उमटतो. या गाडीला निदान स्प्रिंगचे पाटे आहेत. खाली पेंढा घातला की झालं.

दोष आहेत, लपवत नाही. ताकद फक्त मागच्या चाकांना. भरलेली असली की पकड चांगली, रिकामी असली की ओल्या चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरतात. रिकामी वर न्यायची असेल तेव्हा मागे पाच-सहा चिरे टाकायचे, एकेक चिरा तीसेक किलोचा, वर गेल्यावर गडग्याला लावायचे. पाण्याची पाचशे लिटरची टाकी न्यायची तर पूर्ण भरून बांधायची. अर्धी टाकी चढावर डचमळते आणि सगळं वजन एकदम मागे येतं. रिकामी परवडली, अर्धी नको. आणि गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नाही, म्हणून आजच्या वाटेने ती जाणारच नाही.

इथे माझी मागणी. तू जेवढे पैसे गाडीचे म्हणून काढलेस त्यातले गाडीला पाचेक लाख पुरतील. मालवाहू गाड्यांचाही जीएसटी अठ्ठावीसवरून अठरावर आलाय. उरलेले मला वाटेसाठी हवेत. फणसाखालच्या साठ मीटरला चाकांच्या दोन पट्ट्या घालायच्या, प्रत्येकी दोन फुटी, सिमेंटच्या, आणि ओल्या असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या. चिऱ्याची वाट दिसायला छान, पण आषाढात तिच्यावर माणूस उभा राहत नाही. वरच्या अंगाला पाण्याचा चर. काम भातकापणीनंतर नोव्हेंबरात, गाडी त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर गाडी चार महिने खळ्यात उभी राहून कोंबड्या तिच्यावर बसतील.

कागदपत्रांचं मी बघतो. नंबर प्लेट पिवळी येईल. पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी पासिंग, मग दरवर्षी. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असल्यामुळे परमिट लागत नाही. आईचं मोटारीचं लायसन्स चालतं. गेल्या वर्षी नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तेच लायसन्स पुरे म्हटलंय. माणसं मागे हौद्यात बसवायची नाहीत, हे मात्र मी गड्यांना आत्तापासून सांगतोय. विमा त्यांना धरेलच असं नाही.

परवा चालवून बघायला गाडी घरी मागवली. शोरूमचा पोरगा रिकामीच दाखवून निघाला होता. मी त्याला वीस चिरे भरायला लावले. आपल्या वाटेवर ती जाणार नव्हती, म्हणून देवळामागचा चढ घेतला. आईने अर्ध्यावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग पुन्हा चालू करून हाफ क्लचवर उचलली. मागे एक इंचही सरकली नाही. पोरगा गप्प. एसटीच्या टेस्टला याच्यावर निम्मे लोक नापास व्हायचे.

बाकी इथे सर्व ठीक. भात पिवळं पडलंय, पाऊस अजून मागे फिरून बघतोय. बाळाला पापा. निनादरावांना नमस्कार सांग, आणि क्वाड बाइकचं मी जरा जास्तच बोललो असेन तर राग मानू नका म्हणावं.

तुझा,
बाबा

ता. क. शोरूमवाल्याने विचारलं, मागच्या फळीवर "आईचा आशीर्वाद" फुकटात रंगवून देतो, लिहू का? आई म्हणाली, "आई पुढे बसून चालवतेय, मागे आणखी कशाला?" तर फळी कोरी राहील.