तिघऱ्याच्या काठावरून मुक्ताला

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्रीचे दहा

प्रिय मुक्ते,

तुझ्या पत्राला महिना झाला. अक्षर वाकडं आलंय ते समजून घे, खांदे भरून आलेत. वल्हं मारून नव्हे गं, कयाक, म्हणजे आमच्या त्या चिंचोळ्या बोटी, टेम्पोवर चढवून आणि उतरवून! स्वयंसेवक म्हणजे निम्मी हमाली, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तू विचारलंस, ग्वाल्हेरात पाणी कुठे आणि तुम्ही बोटी कसल्या शिकवता? पाणी तिघऱ्याचं, म्हणजे गावाबाहेरच्या धरणाचं. बाबा दर वेळी ऐकवतात तेच तुलाही ऐकवते: विश्वेश्वरय्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे आधी तुमच्या खडकवासल्याला बसवले, 1903 साली, आणि मग आमच्या तिघऱ्याला. पुढे 1917 मध्ये आमचं धरण फुटलं. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी मुरत गेलं होतं म्हणे. पुन्हा बांधलं ते आजवर गावाला पाणी पाजतंय.

पण पोरांना आम्ही आधी तिघऱ्याला नेतच नाही. पहिले तीन रविवार पोहण्याच्या तलावात, छातीइतक्या पाण्यात, फक्त बोट उलटवायची. तुम्ही रोइंगवाले जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसता, आमचं तोंड पुढे. पण उलटल्यावर सगळे सारखेच. कयाक पालथी झाली की घाबरून हातपाय मारायचे नाहीत. पुढे वाकायचं, बोटीच्या बुडावर तीन थापा द्यायच्या, म्हणजे काठावरच्यांना कळतं की आत माणूस शुद्धीवर आहे. मग कडा ढकलून पाय मोकळे करायचे. माझ्या पहिल्या खेपेला थापा राहिल्या बाजूला, नाकातोंडात पाणी गेलं आणि मी थेट आईच्या नावाने बोंब मारत वर आले. आमच्यातला एक मुलगा तबलजींच्या घरचा. त्याने काय करावं? पाण्याखाली उलटं लटकून पूर्ण तिहाई वाजवली, एकच बोल तीनदा घेऊन समेवर येतात ना, ती, आणि मगच बाहेर आला! आम्ही काठावर जीव मुठीत धरून, आणि हा विचारतो, 'दीदी, सम पे आया ना?' ग्वाल्हेरचं पाणीच तसलं.

दोरीची पिशवी फेकायला शिकताना मात्र माझं हसं झालं. पिशवीत पंधरा मीटर दोरी असते. टोक आपल्या हातात ठेवून पिशवी बुडणाऱ्याच्या पलीकडे फेकायची, म्हणजे दोरी त्याच्या खांद्यावर पडते. मी जोशात टोकासकट अख्खी पिशवी फेकली. बुडायचं नाटक करणारा पोरगा ती घेऊन स्वतःच पोहत परत आला.

हसू नकोस, आता दुसरी गोष्ट ऐक. मागच्या महिन्यात तिघऱ्याला बारा पोरं पाण्यात होती आणि मोजायचं काम माझं. एकदा मोजली, अकरा. पुन्हा मोजली, अकरा. शिट्टी मारून सगळ्यांना काठावर बोलावलं. तोवर बारावा भेळेच्या गाडीवर उभा, हातात पुडा. तो कधीच बाहेर आला होता आणि मी त्याचं नाव खोडलंच नव्हतं. ती चार मिनिटं मला अजून रात्री आठवतात. चूक त्याची नव्हे, माझी. तेव्हापासून दर पोरामागे एक आइस्क्रीमची काडी: पाण्यात जाताना डब्यात टाकायची, बाहेर आल्यावर स्वतः काढून घ्यायची. डबा रिकामा झाल्याशिवाय मी जेवत नाही.

प्राची यादवबद्दल तू वाचलंच असशील. आमच्या ग्वाल्हेरचीच. आधी पोहायची, मग भोपाळला पॅराकनूइंग, म्हणजे अपंग खेळाडूंसाठीचं बोट वल्हवणं, शिकली. टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेली आणि 2023 च्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य दोन्ही. तिचं नाव ऐकून एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलीचा एक पाय अधू. पाण्यात तिला काही अडचण नाही गं, अडचण रिक्षापासून काठापर्यंतच्या ऐंशी पावलांची! ओल्या मातीत कुबडी रुतते. आम्ही फळ्या टाकल्या, बैठकीला जुन्या गादीचा फोम कापून लावला. पहिल्या दिवशी दोघे तिला धरायला धावले, तर म्हणाली, 'हात नको, फळी सरळ करा.' बरोबरच होतं.

आईचं एकच पालुपद: 'यातून नोकरी काय मिळणार?' खरं सांगायचं तर माहीत नाही. आमच्यातल्या दोघांनी जीवरक्षकाचा कोर्स केला, एकाला जलतरण तलावावर कामही लागलं. मला इतकंच जमतं की आता ऑफिसात चार माणसं एकदम बोलायला लागली तरी माझा आवाज चढत नाही. आईला हे सांगितलं, तर म्हणते, 'मग घरी कसा चढतो?'

आता काम. लाइफ जॅकेटं आहेत, पण सगळी मोठ्या मापाची. दहा वर्षांच्या पोराला घातलं की पाण्यात जॅकेट वर आणि पोरगं खाली. पट्टे आवळून भागत नाही. तुझ्या बोट क्लबात लहान मापाची जुनी पडली असतील तर विचार, पण फोम दाबून बघ. दाबल्यावर फुगत नसेल तर फुकट मिळालं तरी नको. सहा मिळाली तरी खूप. मी मार्चअखेर आत्याकडे पुण्याला येतेय, तेव्हा घेऊन जाईन. मुरैन्याची गजक आणतेच, पण आल्याआल्या संपवू नकोस. तुझ्या आईलाही ठेव.

तुझी,
रेवा