बारवांच्या नोंदी आणि चाव्या कुणाकडं?

संपादक साहेब, नमस्कार.

गावोगावची पोरं बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींच्या, नोंदी करायलेत, लई बरं वाटतं. पण त्या ठेवायच्या कशा यावर कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या बारवांची यादी एका ऑनलाइन शीटमध्ये सुरू केली आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, ज्याला जमेल त्यानं भरा म्हणलं. कुणीतरी गावांची नावं क्रमानं लावायला गेलं आणि नुसता तेवढाच कॉलम सॉर्ट केला. झालं, वालूरच्या चक्राकार बारवेपुढं चारठाण्याची मापं! लक्षात येईपर्यंत वर इतके बदल झालते की जुन्या शीटवर जावं तर चांगल्या नोंदीपण जाणार. मग चिडून शीटला कुलूप लावलं, चावी एकाच पोराकडं. त्याला पुण्यात नोकरी लागली, काम तिथंच ठप्प.

आता आम्ही डोकुविकी वापरतो, म्हणजे अनेकांनी मिळून वेबपानं लिहायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात. प्रत्येक बारवेचं पान वेगळं आणि त्याचा इतिहासपण वेगळा, त्यामुळं एक पान बिघडलं तर तेवढंच मागं नेता येतं. वाचायला सगळ्यांना मोकळं, मुख्य पान बदलायचा हक्क पाच जणांना, आणि चर्चेच्या पानावर नाव नोंदवून कुणीही लिहावं. आपल्या सातबाऱ्यासारखंच की हो. बघतो कुणीपण, पण तलाठी फेरफार धरतो, हरकतीला पंधरा दिवस देतो, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. (आमच्याकडं पंधरा दिवस लागत नाहीत, एवढा फरक!) विकिपीडियासुद्धा सगळं उघडं नसतं, भांडणाची पानं तिथंपण सुरक्षित करून ठेवतात.

काही मंडळी म्हणतात चर्चा बंद करा, फालतू लोक लिहितात. मला हे अजिबात पटत नाही. एका बारवेचा गाळ काढला असं आम्ही बिनधास्त लिहून टाकलं होतं, तिथल्या एका आजोबांनी नातवाकडून चर्चेत लिहवलं की गाळ वरवरचाच काढला, खालच्या पायऱ्या अजून बुजलेल्याच आहेत. जाऊन बघितलं तर खरंच. पान दुरुस्त केलं, आमची चूक मात्र इतिहासात तशीच दिसते, दिसू द्या.

सध्या सहावी चावी त्या नातवाला द्यायची का यावर वाद चाललाय, तो अजून दहावीला आहे. माझं मत द्या असंच आहे.

– एक शिक्षक, जिंतूर